मेल्या हे कळलं. कशा, ते सांग

संशोधनाच्या पहिल्या वर्षातला माझा पहिला 'यशस्वी' प्रयोग मी रंगीत छापून माझ्या मार्गदर्शक मॅडमच्या टेबलावर ठेवला होता. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी. एका बाजूला औषध न घातलेल्या, दुसऱ्या बाजूला चोवीस तास औषधात ठेवलेल्या. औषधाच्या बाजूला बहुतेक पेशी निळ्या. ट्रायपॅन ब्लू हा रंग जिवंत पेशीत शिरत नाही, मेलेलीत शिरतो, एवढाच त्यातला मामला. मॅडमनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मेल्या हे कळलं. कशा, ते सांग."

मी म्हटलं, "औषधानं."

"हे उत्तर नाही. सिंकखाली ब्लीचची बाटली आहे, तिनंही मरतात. ब्लीचनं मेलेली पेशी आणि तुझ्या औषधानं मेलेली पेशी या कागदावर मला वेगवेगळ्या दाखव."

दाखवता येणार नव्हत्या. दोन्ही निळ्याच. मी कागद उचलला आणि बाहेर आले. पुढचं जवळजवळ दीड वर्ष त्या एका 'कशा'मागे गेलं. तेव्हा ते ऐकून राग आला होता. आता माझ्या हाताखाली आलेल्या पहिल्या मुलीला मीही हेच ऐकवते.

आधी औषधाबद्दल. माझ्याकडे होतं व्हेनेटोक्लॅक्स. पेशीला आत्महत्या करता येते, ही कल्पना ऐकायला नाट्यमय वाटते, पण शरीरात ती रोजची कामाची बाब आहे. जुन्या, बिघडलेल्या, नको असलेल्या पेशी स्वतःला नीट आवरून, तुकडे बांधून, शेजाऱ्यांना त्रास न देता संपवतात. या प्रकाराला १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी अपोप्टोसिस असं नाव दिलं. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ झाडाची पानं गळणं. ब्लीचनं मेलेली पेशी फुगते, फुटते, सगळं आतलं बाहेर सांडतं. अपोप्टोसिसनं मरणारी पेशी आकसते. मॅडमना हा फरक हवा होता.

या मरणावर एक पहारेकरी बसलेला असतो, बीसीएल-२ नावाचं प्रथिन. लिम्फोमाच्या पेशींत १४ आणि १८ या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते, तिथे हे जनुक सापडलं. कर्करोगाशी जोडलेलं जनुक म्हणजे पेशींना भराभर वाढवणारंच असणार, अशी तेव्हाची समजूत. १९८८ मध्ये मेलबर्नमध्ये डेव्हिड व्हॉ, सुझान कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी बीसीएल-२ घातलेल्या पेशींचा वाढीचा रसद-पुरवठा तोडला. त्या पेशी वाढल्या नाहीत. पण मेल्याही नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात काहीही भव्य घडत नाही. जे घडायला हवं होतं ते घडत नाही, आणि तेच उत्तर असतं.

बीसीएल-२ मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या, पृष्ठभागावर बसतं. त्याच्या अंगावर एक खाच असते. बिम, प्यूमा असे मरणाचा निरोप घेऊन येणारे छोटे प्रथिन-दूत त्या खाचेत अडकतात. ते सुटे असते तर त्यांनी बॅक्स आणि बॅक या दोन प्रथिनांना जागं केलं असतं, आणि त्या दोघांनी मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडली असती. ल्युकेमियाच्या पुष्कळ पेशींची गंमत अशी की त्यांच्या आत मरणाचे निरोप ठासून भरलेले असतात. त्या सतत ताणात असतात, दूत येतच राहतात, आणि पहारेकऱ्यानं सगळ्यांना धरून ठेवलंय म्हणून पेशी तगलेली असते. व्हेनेटोक्लॅक्स नेमकं त्या खाचेत जाऊन बसतं आणि दूत बाहेर पडतात. औषध पेशीला मारत नाही, मरण अडवणाऱ्याची पकड सोडवतं. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली, ती क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या अशा रुग्णांसाठी ज्यांच्या १७व्या गुणसूत्राचा आखूड बाहू गळालेला असतो. त्या बाहूवर पी-५३ असतं, बिघडलेल्या पेशीला मरणाचा हुकूम देणारं जनुक. जुनी केमोथेरपी बरीचशी पी-५३च्या हुकमावर चालते, त्यामुळे या रुग्णांत ती थिटी पडायची. व्हेनेटोक्लॅक्सला तो हुकूम लागत नाही. ते पी-५३च्या पुढच्या टप्प्यावर काम करतं.

हे सगळं मला पाठ होतं. मुलाखतीत धडाधड सांगितलंही होतं. माझ्या फ्लास्कमध्ये खरंच हेच घडतंय याचा पुरावा मात्र एकही नव्हता.

पहिला पुरावा अ‍ॅनेक्सिनचा. निरोगी पेशी फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा स्निग्ध रेणू पडद्याच्या आतल्या अंगाला ठेवते. अपोप्टोसिस सुरू झालं की तो बाहेरच्या अंगाला येतो; सफाई करणाऱ्या पेशींसाठी ती खूण असते. अ‍ॅनेक्सिन त्या खुणेला चिकटतं. सोबत प्रोपिडियम आयोडाइड हा लाल रंग घालायचा, जो फक्त पडदा फाटलेल्या पेशीत शिरतो. म्हणजे अ‍ॅनेक्सिन आहे पण लाल नाही, ती पेशी मरणाच्या वाटेवर आहे आणि तिचा पडदा अजून शाबूत आहे. हीच पेशी मला कागदावर हवी होती.

फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीवरचा रंग मोजणाऱ्या यंत्रावर, पहिला नमुना लावला आणि संगणकावर जे दिसलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. लाल भरपूर, अ‍ॅनेक्सिन शून्य. पडदा फाटलाय पण खूण बाहेर नाही. पडदा फाटल्यावर अ‍ॅनेक्सिन आत शिरून आतल्या बाजूच्या रेणूलाही चिकटायला हवं, त्यामुळे हे चित्रच अशक्य. मी दोन तास यंत्राला दोष दिला. लेसर बिघडलाय, डिटेक्टर गेलाय, मागच्या माणसानं सेटिंग बदललंय. आमच्या लॅबचे जुने टेक्निशियन काका बाजूनं जाताना थांबले.

"बफर कुठला घेतलास?"

"पीबीएस. किटमधला संपला होता."

"अगं, त्यात कॅल्शियम कुठंय?"

अ‍ॅनेक्सिन कॅल्शियमशिवाय चिकटतच नाही. किटच्या बफरमध्ये, म्हणजे पेशी ठेवायच्या द्रावणात, ते मुद्दाम घातलेलं असतं; साध्या पीबीएसमध्ये नसतं. किटच्या माहितीपत्रकावर हे लिहिलेलं होतं, ठळक अक्षरांत. काका पुढे काहीच बोलले नाहीत, ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

कॅल्शियम घातलं. आता अ‍ॅनेक्सिन आलं, लालही आलं, आणि सगळ्या पेशी उजव्या वरच्या चौकोनात, दोन्ही रंगांनी माखलेल्या. मॅडमनी पाहिलं आणि म्हणाल्या, "ही प्रेतं आहेत." बरोबरच होतं. लॅबच्या ताटलीत सफाई करणाऱ्या पेशी नसतात. अपोप्टोसिसनं मेलेली पेशी कुणी उचलून नेत नाही, ती तिथेच पडून राहते, मग तिचाही पडदा फाटतो आणि ती ब्लीचनं मेलेल्यासारखीच दिसू लागते. चोवीस तासांनी पाहणाऱ्याला दोन्ही मरणं सारखी. मी घटना घडून गेल्यावर पोचत होते, आणि तेही रोज वेळेवर, कारण चोवीस तास हा आकडा माझ्या झोपेच्या सोयीचा होता. त्यात जीवशास्त्र काहीच नव्हतं.

मग एका शनिवारी दर तासाचा नमुना घ्यायचा ठरवलं. शून्य, एक, दोन, तीन, असं बारा तासांपर्यंत. पेशी मोल्म-१३ नावाच्या. अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या एका रुग्णापासून फार पूर्वी तयार केलेली आणि या औषधाला चटकन बळी पडणारी सेल लाईन. डोस १०० नॅनोमोलर. कंट्रोलमध्ये औषध नाही, पण ज्या डीएमएसओमध्ये औषध विरघळवलं होतं ते तेवढंच, कारण डीएमएसओ जास्त झालं तर ते स्वतःच पेशींना मारतं.

दुसऱ्या तासाला काहीतरी हललं. चौथ्या तासाला ठिपक्यांचा एक स्पष्ट ढग डाव्या खालच्या चौकोनातून उजव्या खालच्या चौकोनात सरकलेला. अ‍ॅनेक्सिन आहे, लाल नाही. आठव्या तासाला तो ढग वर चढायला लागला. बाराव्याला तिथे फारसं कुणी उरलं नव्हतं. रात्री लॅबमध्ये मी एकटीच होते आणि त्या चौथ्या तासाच्या चित्राचा मी मोबाइलवर फोटो काढला, जे करायचं काही कारण नव्हतं, फाइल साठवलेली होतीच.

त्यानंतर वेस्टर्न ब्लॉट, पेशीतली प्रथिनं आकारानुसार पट्ट्यांत वेगळी करून दाखवणारी चाचणी. त्याबद्दल फार सांगत नाही. ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून पटणार नाही. कॅस्पेझ-३ हा या मरणातला कातरीवाला. तो एरवी निष्क्रिय, अखंड असतो, आणि कापला गेला की जागा होतो. मग तो शेकडो प्रथिनं कापत सुटतो, त्यातलं एक पार्प, ११६ किलोडाल्टन वजनाचं. कापल्यावर ८९चा तुकडा उरतो. माझ्या ब्लॉटवर तिसऱ्या तासापासून ८९ची पट्टी दिसायला लागली, आणि ११६ची फिकी होत गेली. मॅडम पहिल्यांदा म्हणाल्या, "बरं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

पण त्याच ब्लॉटवर मी एक शोधही लावून बसले. बीसीएल-२ला एक भाऊबंद आहे, एमसीएल-१. तोही दूतांना धरून ठेवतो, पण त्याची खाच वेगळ्या ठेवणीची, व्हेनेटोक्लॅक्स तिथे बसत नाही. माझ्या ब्लॉटवर औषधानंतर एमसीएल-१ची पट्टी नाहीशी होत होती. म्हणजे औषध एमसीएल-१सुद्धा कमी करतं! मी सादरीकरणाची स्लाइड केली, मोठ्या बाणासह. मॅडमनी बाणावर बोट ठेवलं. "एमसीएल-१ गेलं म्हणून पेशी मेली, का पेशी मरत होती म्हणून एमसीएल-१ गेलं?"

कातरीवाला एमसीएल-१ही कापतो. हे तपासायचं तर कातरी बंद करून पाहायचं. क्यू-व्हीडी नावाचा एक रेणू आहे, तो कॅस्पेझना जाम करतो. तो आधी घातला, मग व्हेनेटोक्लॅक्स, मग ब्लॉट. एमसीएल-१ जागच्या जागी. उलट किंचित जास्तच. बिमला धरून बसलेलं एमसीएल-१ सहजी मोडत नाही, हे नंतर कळलं. बाण गेला, स्लाइड गेली. मरणाच्या प्रयोगात कारण आणि परिणाम एकमेकांचे कपडे घालून फिरतात, आणि उशिरा पोचलेल्याला ते ओळखू येत नाहीत.

क्यू-व्हीडीनं मात्र मला खऱ्या कोड्यात टाकलं. कातरी बंद असलेल्या पेशी सहा तासांनी पाहिल्या तर सुरेख. अ‍ॅनेक्सिन नाही, लाल नाही, सूक्ष्मदर्शकाखाली गोल, चमकदार. मी वहीत लिहिलं: 'कॅस्पेझ थांबवले की पेशी वाचतात. मार्ग सिद्ध.' दुसऱ्या दिवशीही तशाच. तिसऱ्या दिवशी मला खटकलं ते फ्लास्कच्या रंगानं. आमच्या माध्यमात फिनॉल रेड असतो. पेशी जगत असतील, वाढत असतील, तर त्या आम्ल सोडतात आणि गुलाबी-लाल माध्यम केशरी, मग पिवळं होत जातं. कंट्रोल पिवळा पडलेला. माझ्या 'वाचलेल्या' पेशींचा फ्लास्क मात्र पहिल्या दिवसासारखाच गुलाबी. तीन दिवस कुणी काही खाल्लं नव्हतं, काही टाकलं नव्हतं. मोजल्या तर संख्या घटत चाललेली.

मग त्या पेशींच्या आतलं सायटोक्रोम सी रंगवून पाहिलं. हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या दोन पडद्यांमध्ये राहतं आणि श्वसनाच्या साखळीत कामाला असतं. बाहेरच्या पडद्याला भोकं पडली की ते पेशीद्रवात सांडतं, तिथे एपॅफ-१ या प्रथिनाला भेटतं, सात आऱ्यांचं एक चाक जुळतं, त्या चाकावर कॅस्पेझ-९ जागं होतं आणि ते कॅस्पेझ-३ला कापून जागं करतं. १९९६ साली शियाओडाँग वांग यांच्या गटानं हे प्रथिन मरणात सामील आहे असं दाखवलं, तेव्हा अनेकांना ते पचलं नव्हतं. श्वासाचं प्रथिन आणि मरणाचा निरोप एकच कसा असेल? माझ्या गोल, चमकदार, सुरेख पेशींच्या मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी केव्हाच निघून गेलं होतं. भोकं पडून झाली होती. मी फक्त कातरी काढून घेतली होती. कातरीवाला हा मरणाचं आवरणं करणारा. निर्णय त्याच्या आधीच, मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यावर होऊन गेलेला असतो. वहीतलं 'मार्ग सिद्ध' मी खोडलं. खोडलेलं अजून वाचता येतं, ते तसंच ठेवलंय.

खरा पुरावा शेजारच्या गटानं दिला. त्यांच्याकडे क्रिस्पर या जनुकं कापण्याच्या तंत्रानं बॅक्स आणि बॅक दोन्ही जनुकं काढून टाकलेल्या मोल्म-१३ पेशी होत्या. भोकं पाडणारेच नाहीत. त्यांच्यात तोच १०० नॅनोमोलर डोस, नंतर दहापट. तिसऱ्या दिवशी फ्लास्क पिवळा झाला. पिवळ्या रंगाचा एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता. हा फरक ब्लीच दाखवू शकत नाही. ब्लीचला बॅक्स असो नसो सारखंच. मॅडमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी, चौदा महिन्यांनी, कागदावर आलं.

मधल्या काळात पाहिलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, जरी ती माझ्या प्रबंधात फक्त अर्ध्या पानाची आहे. तासातासाच्या आलेखावर मरण उतारासारखं दिसतं, हळूहळू, जणू प्रत्येक पेशी थोडी थोडी मरतेय. एका रात्री मायटोकॉन्ड्रियाचा विद्युतभार दाखवणारा लाल रंग घालून पेशी सूक्ष्मदर्शकावर ठेवल्या, दर दोन मिनिटांनी एक फोटो. सकाळी चित्रफीत चालवली. एकही पेशी हळूहळू मरत नव्हती. एखादी तासन् तास निवांत चमकत असायची आणि मग दोन-तीन फोटोंमध्ये विझायची. शेजारची तिच्याआधी, पलीकडची खूप नंतर. सायटोक्रोम सीला चमकणारी शेपटी लावून इतरांनी केलेल्या कामातही हेच दिसलं होतं, एकदा सुरू झालं की साधारण पाच मिनिटांत सगळं बाहेर. उतार हा फक्त वेगवेगळ्या वेळी विझणाऱ्या दिव्यांचा हिशेब होता. एकाच आईच्या पेशी, एकच औषध, एकच ताटली, आणि तरी कुणी दुसऱ्या तासाला तर कुणी नवव्या. का, हे त्यांच्या आत त्या घडीला किती दूत आणि किती पहारेकरी आहेत त्यावर.

तुलनेसाठी दुसरं औषध घेतलं, गिल्टेरिटिनिब. मोल्म-१३मध्ये एफएलटी-३ या जनुकात एक तुकडा दुबार झालेला असतो; त्यामुळे 'वाढा, वाढा' असा निरोप अखंड चालू राहतो, आणि गिल्टेरिटिनिब तो बंद करतं. अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या जवळपास एकतृतीयांश रुग्णांत एफएलटी-३ बिघडलेलं असतं. मला वाटलं, लक्ष्यवेधी औषध म्हणजे लक्ष्यवेधी, मरण तसंच दिसेल. चौथ्या तासाला काही नाही. आठव्याला काही नाही. दुसऱ्या दिवशी ढग सरकायला लागला. ब्लॉटवर बिमची पट्टी तासागणिक जाड होत गेली आणि किंचित खाली सरकली. त्याचं कारण असं की वाढीचा निरोप चालू असताना ईआरके हे एन्झाइम बिमवर फॉस्फेटची खूण करतं आणि पेशी त्या खुणेचं बिम मोडीत काढते. निरोप तुटला की खूण बंद, बिम साठत जातं. एक औषध आधीच आलेल्या दूतांना सोडवतं, दुसरं नवे दूत जमू देतं. वाट शेवटी त्याच पडद्यापाशी येते, पण लांबून. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियातलं इमॅटिनिबही, ज्याला २००१ मध्ये मान्यता मिळाली, बीसीआर-एबीएल हे त्या आजाराच्या मुळाशी असलेलं प्रथिन बंद करून बऱ्याच अंशी बिमच्याच वाटेनं मारतं. लक्ष्यवेधी हा शब्द लोक सरसकट वापरतात, मीही वापरायचे. लक्ष्य कुठलं आणि तिथून मरणापर्यंत किती पायऱ्या, हे त्या शब्दात येत नाही.

आणि काही पेशी मरतच नाहीत. के-५६२ या जुन्या सेल लाईनवर व्हेनेटोक्लॅक्स ओतलं तरी ढिम्म. त्यांचा पहारेकरी वेगळा, बीसीएल-एक्सएल. त्यालाही धरणारं औषध होतं, नॅव्हिटोक्लॅक्स, पण रक्तातल्या प्लेटलेट बीसीएल-एक्सएलच्याच आधारानं जगतात. औषध दिलं की प्लेटलेट खाली. म्हणून तर फक्त बीसीएल-२ धरणारं व्हेनेटोक्लॅक्स घडवावं लागलं.

ओसीआय-एएमएल३ या पेशींनी मला जास्त छळलं. त्यांच्यात बीसीएल-२ होतं, औषध पोचत होतं, पेशी खुशाल. तीन आठवडे डोस वाढवत राहिले, जे मूर्खपणाचं होतं. दहापट डोसनं मिळणारं मरण भलत्याच कारणाचं असू शकतं. मग एमसीएल-१ला प्रतिपिंडानं पकडून पेशीरसातून बाहेर ओढलं आणि त्याला चिकटून कोण आलंय ते पाहिलं. औषधाआधी थोडं बिम. औषधानंतर भरपूर बिम. औषधानं दूत सोडवले होते, अगदी ठरल्याप्रमाणे. पुढच्याच वळणावर दुसऱ्या पहारेकऱ्यानं त्यांना धरलं होतं. एमसीएल-१ अडवणारा रेणू सोबत घातला, तर त्याच पेशी दुपारपर्यंत संपल्या. उत्तर मिळाल्यासारखं वाटतं, पण हृदयाच्या स्नायूंनाही एमसीएल-१ लागतं. असे रेणू रुग्णांना देऊन पाहताना हृदयाला इजा होत असल्याच्या खुणा दिसल्या आणि काही चाचण्या थांबवाव्या लागल्या. ताटलीत हृदय नसतं, म्हणून ताटलीत सगळं शक्य दिसतं. प्रत्यक्ष उपचारात व्हेनेटोक्लॅक्सला अ‍ॅझासायटिडीन या औषधाची जोड दिली जाते. ते नोक्सा नावाचा आणखी एक दूत वाढवून एमसीएल-१ला आडवाटेनं गुंतवतं, असं एक स्पष्टीकरण आहे. तीव्र केमोथेरपी न झेपणाऱ्या रुग्णांमध्ये या जोडीनं मध्यम आयुर्मान ९.६ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर गेलं. ही २०२०ची आकडेवारी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पाचच महिने, असं मनात आलं. मग आमच्याकडे रुग्णांचे नमुने यायला लागले आणि 'पाचच' हा शब्द मी वापरणं सोडलं.

नमुने संमतीपत्रासह यायचे, नाव नाही, फक्त क्रमांक. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या पेशी सेल लाईनसारख्या निबर नसतात. शरीराबाहेर आल्या की आपोआप मरायला लागतात. पहिल्या नमुन्यात औषध घातलेल्या पेशी मेल्या म्हणून मी खूश, आणि कंट्रोल पाहिला तर तोही निम्मा गेलेला. आत, मज्जेत आणि लसिकाग्रंथींत, शेजारच्या पेशी त्यांना जगायला सांगत असतात. नळीत ते कुणी सांगत नाही. तळाला आधारपेशींचा थर वाढवून त्यावर नमुना ठेवला तेव्हा कंट्रोल टिकला, आणि औषधाचा परिणामही थोडा मंदावला. शेजार मिळाल्यावर त्या पेशींनी एमसीएल-१ आणि बीसीएल-एक्सएल वाढवलं होतं. तरीही संवेदनशील नमुन्यांत चौथ्या तासाचा तो ढग सरकायचाच.

नमुने पाठवणारे रक्तविकार विभागाचे डॉक्टर एकदा लॅबमध्ये आले. त्यांना मी सगळं सांगायला लागले, दूत, पहारेकरी, भोकं. ते ऐकत होते, पण नजर माझ्या तासातासाच्या आलेखावर होती. "हे चार तासांत?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

"म्हणून आम्ही पहिल्या गोळीनंतर सहा ते आठ तासांनी रक्त काढतो. आणि परत चोवीस तासांनी."

मग त्यांनी सांगितलं ते माझ्या वहीत कुठेच नव्हतं. पेशी आवरून मरते हे खरं, पण एका दिवसात एवढ्या प्रचंड संख्येनं मेल्या तर सफाई पुरी पडत नाही. आतलं पोटॅशियम, फॉस्फेट रक्तात येतं, यूरिक अ‍ॅसिड चढतं, कॅल्शियम उतरतं. मूत्रपिंड बंद पडू शकतं, हृदयाचा ठोका चुकू शकतो. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये यानंच रुग्ण दगावले होते. म्हणून आता या आजारात पहिल्या आठवड्यात रोज फक्त २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २००, आणि पाचव्या आठवड्यात ४००. सोबत भरपूर पाणी आणि यूरिक अ‍ॅसिड उतरवणारी गोळी. मी दीड वर्ष पेशी लवकर मरताना पकडायला धडपडत होते, आणि हे गृहस्थ त्या जरा सावकाश मराव्यात म्हणून.

"नवीन निवासी डॉक्टर विचारतात, सहा तासांनी कशाला, सकाळी काढू की," ते म्हणाले. "हा आलेख मला द्याल?"

छापलेली प्रत दिली. देताना लक्षात आलं, घाईत आडव्या अक्षावर काही लिहिलंच नव्हतं, नुसते आकडे. त्यांच्याकडून परत घेतली आणि खाली पेनानं लिहिलं: तास.